बाळसे, वजन आणि वाढ

मराठी भाषेत 'बाळसे' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. तान्ह्या मुलाच्या अंगावर पहिल्या काही महिन्यांत जी गोंडस भर येते तिला उद्देशून तो वापरला जातो. पुढे त्याच्या अर्थाचा विस्तार झाला आणि एखाद्या संस्थेने, चळवळीने किंवा उद्योगधंद्याने बाळसे धरले असेही म्हटले जाऊ लागले. याच भाषेने त्या शब्दाला जोडून एक इशाराही देऊन ठेवला आहे : सूज म्हणजे बाळसे नव्हे. राजकारणावरील आणि अर्थकारणावरील चर्चेत ही उक्ती वारंवार कानी पडते. नवल असे की, ज्या पाळण्यापाशी ती जन्मली असावी तेथेच तिचा विसर पडलेला दिसतो. बाळ गुटगुटीत दिसले की ते निरोगी, किडकिडीत दिसले की त्याचे काहीतरी बिनसले, एवढ्या ढोबळ हिशेबावर आजही असंख्य सुशिक्षित घरांचा कारभार चालतो.

हा हिशेब किती फसवा ठरू शकतो याचे विदारक उदाहरण वैद्यकशास्त्राच्या इतिहासातच आहे. त्या वेळच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टर महिलेने १९३३ मध्ये मुलांच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोगात मुलाचे हातपाय व चेहरा सुजतो. वरवर पाहणाऱ्यास ते भरलेले वाटते; प्रत्यक्षात निकृष्ट आहारामुळे ते मरणाच्या दारात उभे असते. तेथील गा भाषेत या रोगाचे नाव 'क्वाशिओर्कोर'. पाठचे भावंड जन्माला आल्यामुळे ज्याचे अंगावरचे दूध तुटले त्या मुलाला जडणारे दुखणे, असा त्याचा आशय. सूज आणि बाळसे यांतील भेद ओळखता न येणे ही केवळ भाषेतील चूक नसते. तिची किंमत मुलाच्या जिवाने मोजावी लागते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा प्रश्न दूरच्या देशातला नाही आणि तो मेळघाट किंवा नंदुरबारपुरताही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ३४ होते. पुण्या-मुंबईच्या वैभवाची चर्चा होत असताना या आकड्यात सुधारणा झाली नाही. त्याहून विचार करायला लावणारी बाब ही की, देशातील सर्वांत सधन अशा पाचव्या हिश्श्यातील कुटुंबांतही २३ टक्के मुले खुरटलेली आढळली. केवळ घरात धान्य नाही म्हणून मूल वाढत नाही, एवढे एकच उत्तर येथे पुरेसे होत नाही. दारिद्र्य हे कारण आहेच. परंतु त्याच्या जोडीला वाढ म्हणजे काय हे न समजणे हेही कारण आहे, आणि हे दुसरे कारण शिक्षकाच्या, कारकुनाच्या, प्राध्यापकाच्या घरातही नांदते.

वाढीचा क्रम

निरोगी बाळ वाढते कसे, याचे काही ठळक नियम आता निर्विवाद आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन वाढत नाही, उलट घटते. ही घट ७ ते १० टक्क्यांपर्यंत असू शकते आणि दहा ते चौदा दिवसांत ती भरून निघते. बारशाच्या दिवशी बाळ साधारणपणे जन्माच्या वेळच्या वजनावर परत आलेले असते, असे म्हणता येईल. नेमक्या याच दिवसांत 'दूध पुरत नाही' अशी हाकाटी सुरू होते, चिकाचे दूध पिळून टाकले जाते आणि मध, गुटी किंवा वरचे दूध बाळाच्या तोंडी लागते. निसर्गक्रमाला रोग समजून केलेला हा उपाय अनेकदा खऱ्या रोगाला निमंत्रण देतो.

त्यानंतरचा वेग मात्र विलक्षण असतो. पहिले तीन महिने बाळाचे वजन दररोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमने वाढते. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते जन्मवजनाच्या दुप्पट होते आणि वर्षाअखेरीस तिप्पट. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षात ७५ सेंटिमीटरपर्यंत जाते. डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरवरून ४६ च्या आसपास पोचतो. आतला मेंदू झपाट्याने वाढत असल्याची ती बाह्य खूण होय. दुसऱ्या वर्षी हा वेग आपोआप मंदावतो. त्या संपूर्ण वर्षात वजनात जेमतेम अडीच किलोंची भर पडते. त्या वयात मूल जेवणाला तोंड फिरवू लागले की घरात चिंता पसरते, भूक वाढवणाऱ्या औषधांचा शोध सुरू होतो; पण वेग कमी झाला की भूकही तशीच बदलते, हे सहसा कोणी सांगत नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. एका दिवशी केलेले वजन बाळाच्या वाढीविषयी फार थोडे सांगते. वाढ ही गती आहे आणि गती मोजायची तर किमान दोन मापे व त्यांमधील काळ माहीत असावा लागतो. समजा, एक मुलगी सहा महिन्यांची असताना साडेसात किलो आहे आणि दहाव्या महिन्यात ७ किलो ७०० ग्रॅम. दुसरी सहाव्या महिन्यात ६ किलो २०० ग्रॅम आणि दहाव्या महिन्यात ७ किलो २०० ग्रॅम. दोघींना शेजारी बसवले तर कोणीही पहिलीचेच कौतुक करील. परंतु वाढीच्या आलेखावर पाहिले तर दुसरी मुलगी आपल्या ठरलेल्या वाटेने व्यवस्थित चालली आहे. पहिली मात्र सरासरीच्या वर होती ती चार महिन्यांत बरीच खाली घसरली आहे. वैद्याकडे नेण्याची गरज आहे ती पहिलीला. डोळ्यांना दिसते त्याच्या नेमके उलट सत्य आलेखाची रेषा सांगते.

मापदंड कोणाचा?

मूल वाढताना ठराविक काळाने मोजत राहावे ही कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समधील माँबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो अठरा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत नियमितपणे नोंदवली. एकाच मुलाच्या वाढीची एवढी दीर्घ नोंद जगात प्रथमच झाली. पण एका मुलाची नोंद म्हणजे मापदंड नव्हे. कोणत्या मुलाची वाढ योग्य मानायची, हा प्रश्न विसाव्या शतकातही नीट सुटला नव्हता आणि त्याचे परिणाम भारतातील मातांनाही भोगावे लागले.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर जो आलेख प्रमाण मानला गेला, त्यातील अर्भकांचा भाग अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका लहानशा गावाच्या परिसरात १९२९ ते १९७५ या काळात मोजलेल्या मुलांवर आधारलेला होता. ती मुले बहुतांशी सुस्थितीतील गोऱ्या कुटुंबांतील आणि प्रामुख्याने बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. स्तनपान करणारे बाळ पहिले दोन-तीन महिने जोमाने वाढते आणि नंतर बाटलीच्या बाळापेक्षा किंचित हलके राहते. हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. परंतु त्या जुन्या आलेखावर हे निरोगी बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर 'मागे पडलेले' दिसे. मग 'दूध कमी पडते, वरचे सुरू करा' असा सल्ला आईला मिळे आणि दुधाच्या पावडरीचा डबा घरात येई. डब्यावर छापलेल्या गुबगुबीत बाळाने जे काम जाहिरातीतून केले, तेच काम नकळत वैद्यकशास्त्राच्या आलेखाने केले. भारतात १९९२ मध्ये आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या प्रचाराला आळा घालणारा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तथापि, डब्यावरच्या बाळाची प्रतिमा कायद्याने मनातून पुसली जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे नवे आलेख प्रसिद्ध केले त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावे लागते. ब्राझीलमधील पेलोटास, घानातील आक्रा, भारतातील दिल्ली, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस या सहा शहरांत १९९७ ते २००३ या काळात सुमारे ८,४०० मुलांची मापे घेण्यात आली. आई धूम्रपान करीत नाही, बाळ आईचे दूध पिते, घरात आरोग्याची मूलभूत सोय आहे, अशीच मुले मुद्दाम निवडण्यात आली. मुले कशी वाढतात याऐवजी ती कशी वाढावीत, असा प्रश्न येथे प्रथमच विचारला गेला. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. लांबीमध्ये आढळलेल्या एकूण फरकांपैकी जेमतेम ३ टक्के फरक या शहराशहरांमधील होता. सुमारे ७० टक्के फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधील होता. अनुकूल परिस्थिती मिळाली तर दिल्लीचे बाळ ऑस्लोच्या बाळाइतकेच वाढते. 'आपली मुले मुळातच लहानखुरी' हे समाधान यापुढे कोणाला करून घेता येणार नाही.

उंची बोलत नाही

वजनाविषयी घरोघर निदान चर्चा तरी होते. लांबीविषयी कोणी बोलत नाही. वजन आजारपणात घटते, बरे वाटल्यावर भरून येते. ते ताज्या परिस्थितीचे निदर्शक आहे. लांबी मात्र महिनोन् महिन्यांच्या पोषणाचा, वारंवार होणाऱ्या जुलाब-तापाचा आणि गर्भावस्थेतील उणिवांचा साचलेला हिशेब दाखवते. तिची तूट सावकाश पडते आणि दोन वर्षांनंतर पुरती भरून निघणे कठीण असते. शिवाय गल्लीतील सगळीच मुले थोडी थोडी खुजी असतील तर कोणतेच मूल खुजे दिसत नाही. दोन वर्षांखालील मुलाची लांबी फळीवर निजवून, दोघांनी मिळून, काळजीपूर्वक मोजावी लागते. हे काम वजन करण्याहून कटकटीचे म्हणून टाळले जाते आणि जे मोजले जात नाही त्याची दखल घेतली जात नाही.

या विषयात पुण्यात झालेले संशोधन जगभर नावाजले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण तुलना येथेच थांबली नाही. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू व उदरातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळे, परंतु अंतरंगात चरबी राखून असलेले हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकण्याचा धोका अधिक, असे या संशोधनाचे सांगणे आहे. अशा बाळाला केवळ गोडधोड आणि तूप-साखर चारून घाईने गुबगुबीत करणे म्हणजे त्याचे भले करणे नव्हे. त्याला उंची, स्नायू आणि रक्त वाढवणारे अन्न हवे असते.

ते अन्न केव्हा व कसे द्यावे याविषयी परंपरा आणि विज्ञान यांचे एका बाबतीत एकमत आहे. मुलाचे उष्टावण सहाव्या महिन्यात करण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि सहा महिने निव्वळ आईचे दूध, नंतर त्याच्या जोडीला घरचे अन्न, असे आजचे शास्त्रही सांगते. दुर्दैवाने उष्टावणाचा समारंभ होतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाट्याला वरणाचे पाणी व भाताची पातळ पेज येते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३००, तर वर्षानंतर ५५०. बाळाचे पोट एवढेसे. पाण्याने ते भरते, पण बाळ वाढत नाही. घट्ट मऊ खिचडी, तीत चमचाभर तेल किंवा तूप, कुस्करलेले केळे, शिजवून बारीक केलेली डाळ व पालेभाजी, नाचणीचे सत्त्व, शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असेल तेथे अंडे, या गोष्टी दुर्मीळ नाहीत. तरीही वर उल्लेखिलेल्या पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात १०० मागे केवळ ११ आढळली. खुरटण्याची सुरुवात बहुधा याच काळात होते, हा योगायोग म्हणता येणार नाही.

हातपाय आणि मन

वाढ आणि विकास हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वाढ मोजपट्टीने व काट्याने मोजता येते. विकास म्हणजे बाळाला काय काय करता येऊ लागले हे. दीड-दोन महिन्यांचे बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते, मग पालथे पडते, वस्तू पकडते, परक्याला पाहून बिचकते. या प्रत्येक टप्प्याभोवती घरात स्पर्धा सुरू होते. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले, मग आपले का नाही? वरील सहा देशांच्या अभ्यासाने याचेही उत्तर दिले आहे. निरोगी मुले आधाराविना बसू लागली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. आधाराविना चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. सुमारे ४ टक्के निरोगी मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती थेट उभी राहिली. नवव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे अशी दोन्ही मुले निरोगी असू शकतात. तेव्हा मुलाला पुढे ढकलण्यासाठी चाकांच्या खुर्चीत बसवण्याचे कारण नाही. अशा खुर्च्यांमुळे चालणे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात. म्हणूनच कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

पण या उदार मर्यादांचा अर्थ 'होईल आपोआप' असा घेणेही तितकेच घातक आहे. तीन महिने उलटूनही बाळ हसत नसेल, पाचव्या महिन्यातही मान धरत नसेल, दहाव्या महिन्यात बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल किंवा आलेली एखादी गोष्ट विसरू लागले असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून धरावे, म्हणजे अकारण भीती उरत नाही. अशा मुलांना वेळेवर हेरण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तो महाराष्ट्रातील पालघर येथूनच. बहिरेपणा पहिल्या वर्षात कळला तर मूल बोलायला शिकू शकते. तिसऱ्या वर्षी कळला तर पुष्कळ काही हातचे निसटलेले असते.

विकासाला खुराक लागतो तो माणसांचा. जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिने वयाची १२९ खुरटलेली मुले निवडली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला एक तास जात आणि घरातल्याच वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवत. सुमारे वीस वर्षांनी ती मुले कमावती झाल्यावर पाहणी झाली, तेव्हा खेळाची जोड मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक भरली. ज्या समाजात आजीच्या मांडीवर बडबडगीते आणि चिऊ-काऊच्या गोष्टी होत्या त्याला हे शिकवण्याची वेळ येऊ नये. पण आज त्या मांडीची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. जेवण भरवताना पडदा, रडू थांबवायला पडदा. वर्षाखालील मुलाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टपणे सांगितले. पडदा बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. आणि बाळ भाषा शिकते ती त्या उत्तरातून.

कार्ड कोणाच्या हाती?

घरातील अज्ञानाविषयी एवढे बोलल्यावर सरकारी व्यवस्थेकडे वळणे भाग आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड मॉर्ले हे इंग्रज डॉक्टर पश्चिम नायजेरियातील इमेसी या खेड्यात काम करीत होते. मुलाच्या वजनाची रेषा दाखवणारे एक साधे कार्ड त्यांनी तयार केले. त्यांची खरी प्रतिभा दिसली ती पुढच्या निर्णयात : हे कार्ड दवाखान्यात न ठेवता आईच्या स्वाधीन करायचे. रेषा वर चालली आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे हे निरक्षर बाईलाही दिसते, या विश्वासावर ती योजना उभी होती.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. 'अंगणवाडी' ही कल्पना महाराष्ट्राची. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. वजनकाटा आणि आलेख यांचेही तसेच व्हायला हवे होते. प्रत्यक्षात वजन होते, नोंद होते, पूर्वी ती नोंदवहीत जाई, आता मोबाईलमधील 'पोषण ट्रॅकर'मध्ये जाते. तालुका, जिल्हा, राज्य अशी ती वर चढत जाते. ज्या बाईच्या कडेवर ते मूल असते तिला मात्र बहुतेक वेळा एवढेच कळते की वजन झाले. तिच्याजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखाची पाने पुष्कळदा कोरी असतात. दोष एकट्या अंगणवाडी सेविकेचा नाही. तुटपुंज्या मानधनावर नोंदी, पाहण्या, सभा आणि आहारवाटप सांभाळणाऱ्या बाईला दहा मिनिटे आईजवळ बसायला वेळ कोणी ठेवलेला नाही, आणि त्या दहा मिनिटांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. 'तीव्र कुपोषित' बालकांची संख्या वाढली तर जाब विचारला जाणार, या धास्तीने काटा सोयीचा वाचला जाण्याचा मोहही तेथेच निर्माण होतो. मापन हे शिक्षेचे साधन झाले की ते खोटे बोलू लागते.

यावर कोणी म्हणेल की, ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत तेथे रेषा वाचून काय उपयोग? आक्षेप खरा आहे. आलेखाने पोट भरत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बाईचे तान्हे मूल फडाच्या कडेला किंवा कोपीत वाढते. गावातील अंगणवाडी मागे राहते, कारखान्याच्या तळावरची तिला ओळखत नाही. २०१७ च्या कायद्याने संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, म्हणजे सहा महिने स्तनपान शक्य झाले. ऊस तोडणारीला आणि शेतमजुरणीला ती रजा नाही. त्यांच्यासाठी पाळणाघर, मजुरीची भरपाई आणि स्थलांतरातही सोबत जाणारी आरोग्यसेवा हीच पहिली गरज आहे. परंतु ही गरज कोठे व किती आहे हे दाखवणारे साधनही तीच रेषा आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांना घरोघर जाऊन तपासण्याची, वजन करण्याची व जंतुसंसर्गावर उपचार करण्याची जबाबदारी दिली. तेव्हा हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला. गाव गरीबच होते. बदलले ते एवढेच की, बाळाकडे पाहणारे जाणते डोळे त्याच्या घरापर्यंत पोचले. राज्यातही २००५ मध्ये राजमाता जिजाऊ अभियान सुरू झाल्यानंतर २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालील मुलांमधील खुरटण्याचे प्रमाण किमान एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले होते. मन लावून केले तर होते, याचा हा पुरावा आहे.

म्हणून मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक मुलाचे वजन महिन्याला एकदा व लांबी दर तीन महिन्यांनी मोजली जावी. ती कार्डावर आईच्या देखत उमटावी आणि रेषेचा अर्थ तिला तिच्या भाषेत सांगितला जावा. सेविकेच्या कामाची पारख भरलेल्या रकान्यांवर न होता, रेषा आडवी झाल्यावर तिने काय केले यावर व्हावी. अंगणवाडीचे कार्ड ऊसतोडीच्या तळावरही चालावे. आणि ज्यांच्या घरात यातले काहीच कमी नाही त्या शिकलेल्या आईबापांनी बाळाची तुलना शेजारच्या बाळाशी न करता, त्याच बाळाच्या गेल्या महिन्याशी करावी. शिक्षकांचे या कामी मोठे साहाय्य होऊ शकेल. आलेख वाचायला शाळेत शिकवतातच, त्यांतील एक आलेख बाळाच्या वाढीचा असला तर उद्याच्या प्रत्येक आईला आणि बापालाही तो वाचता येईल. पाळण्यातले मूल तक्रार करीत नाही, अर्ज करीत नाही, मतही देत नाही. आपली स्थिती सांगण्याचे त्याचे एकमेव साधन म्हणजे ती रेषा. ती वाचणे हे मोठ्या माणसांचे काम आहे.